नजर रस्त्यावर, आकडे डोळ्यासमोर: कोकणात सायकलवर एचयूडी चष्मा वापरायला सुरुवात कशी करायची

आपल्याकडे किनाऱ्याच्या रस्त्यावर सायकल चालवताना मान खाली घालायची सोयच नाही. ताशी ३० किमीने जात असाल तर एका सेकंदाला ८ मीटरच्या वर अंतर जातं, म्हणजे हँडलवरच्या कॉम्प्युटरवर नजर टाकून परत वर बघेपर्यंत दोन सेकंद गेले तर १६-१७ मीटर रस्ता तुम्ही बघितलेलाच नसतो, आणि तेवढ्यात गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बेड्यातून, म्हणजे फाटकातून, वासरू बाहेर येतं, वाडीच्या रस्त्यावरून कोणीतरी टू-व्हीलर सरळ डांबरीवर घालतो, नाहीतर हर्णैकडून आलेल्या मासळीच्या टेम्पोचं पाणी वळणावर सांडलेलं असतं. हेड-अप डिस्प्ले म्हणजे एचयूडी, तो ह्याच दोन सेकंदांसाठी आहे. स्पीड, हार्ट रेट, चढ किती उरला असले आकडे चष्म्याच्या काचेतच दिसतात, मान हलवावी लागत नाही.

आमच्या सायकलच्या ग्रुपमध्ये हल्ली नवीन मंडळी ह्याबद्दल सारखी विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही त्यांच्यासाठी आहे हे.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या

डोळ्यापासून दोन-तीन सेंटीमीटरवर धरलेली कुठलीही गोष्ट आपल्याला स्पष्ट दिसत नाही, बोट धरून बघा. मग एवढ्या जवळची स्क्रीन कशी वाचता येते? तर तिच्यापुढे लेन्स किंवा आरसा असा बसवलेला असतो की ते आकडे काही मीटर लांब हवेत तरंगल्यासारखे दिसतात. डोळा रस्ता बघायला जसा लांबवर फोकस झालेला असतो तसाच राहतो. लढाऊ विमानांत पायलटसमोर जी काच असते तिची कल्पना हीच.

आणि विमानांवरूनच एक गोष्ट सांगतो, ती पुढे सगळीकडे लागू पडते. १९८० मध्ये नासाने सिम्युलेटरवर एक अभ्यास केला होता, त्यात एचयूडी वापरून विमान उतरवताना काही अनुभवी पायलटांना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नाही. डोळे समोरच होते, पण लक्ष आकड्यांत अडकलेलं. म्हणजे नजर रस्त्यावर असणं आणि लक्ष रस्त्यावर असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: एचयूडीवर जितकं कमी दाखवाल तितका तो कामाचा. खाली जे काही लिहिलंय ते ह्याच हिशोबाने वाचा.

स्टेप १: तुम्हाला खरंच हवाय का ते ठरवा

सकाळी रत्नागिरीतल्या भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन परत येत असाल, आकड्यांचं फारसं काही नसेल, तर पैसे घालवू नका. साधा चांगला गॉगल आणि हेल्मेट घ्या.

उपयोग होतो तो दोन प्रकारच्या लोकांना. एक म्हणजे जे पॉवर (पेडलवर किती जोर लागतोय तो आकडा) किंवा हार्ट रेट बघून ट्रेनिंग करतात, ब्रेवे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड करतात, त्यांची मान सारखी खालीवर होते. दुसरे म्हणजे चाळिशी लागलेले, आणि ह्यांच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आमच्यात एक निवृत्त गुरुजी आहेत, लांबचं त्यांना लख्ख दिसतं पण हँडलवरचा कॉम्प्युटर वाचायचा तर वाचायचा चष्मा लागतो, आणि तो लावून सायकल कशी चालवणार. त्यांना चहाच्या टपरीवर एकाचा एचयूडी चष्मा डोळ्यावर चढवायला दिला तर म्हणाले, "अरे, हे तर मला चष्म्याशिवाय दिसतंय की!" दिसणारच, कारण ते आकडे त्यांच्या डोळ्याच्या हिशोबाने लांब आहेत. तुम्ही पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढे असाल आणि कॉम्प्युटरवर फॉन्ट कितीही मोठा केला तरी पुसट दिसत असेल, तर तुमच्यासाठी ह्या वस्तूचा अर्थच वेगळा आहे.

ज्यांना लांबचा नंबर आहे त्यांनी मात्र आधी बघा की त्या मॉडेलला आतून नंबरची काच बसवायची सोय आहे का. काहींना असते, काहींना नसते. आपल्या रोजच्या चष्म्यावर तो चढवता येईल असं गृहीत धरू नका.

स्टेप २: घरात काय आहे ते बघा

एचयूडी चष्मा बहुतेक वेळा स्वतः काही मोजत नाही, दुसऱ्याने मोजलेलं दाखवतो. म्हणजे तुमच्याकडे सायकल कॉम्प्युटर किंवा जीपीएस घड्याळ किंवा फोनवरचं अॅप, यातलं काहीतरी हवंच. आणि ते चष्म्याशी बोलायला हवं. सेन्सर दोन भाषा बोलतात, ब्लूटूथ आणि अँट प्लस. आयफोनला अँट प्लस कळत नाही, त्यामुळे जुना कॅडेन्स सेन्सर (पेडल मिनिटाला किती वेळा फिरतं ते मोजणारा) फक्त अँट प्लसवाला असेल तर तो फोनला जोडला जाणार नाही. आधी हे तपासा, मग चष्मा निवडा. उलटं केलं तर घरात दोन महागड्या वस्तू एकमेकांशी न बोलता पडून राहतात.

स्टेप ३: कुठला प्रकार घ्यायचा

थोडा इतिहास सांगतो, कारण सेकंड-हँड बाजारात जुन्या वस्तू स्वस्तात दिसतात आणि मोह होतो. रेकॉन जेट नावाचा एचयूडी चष्मा २०१५ मध्ये बाजारात आला, कॅनडातल्या व्हँकुव्हरची कंपनी, त्याच वर्षी इंटेलने ती विकत घेतली आणि २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. गार्मिनचा व्हॅरिया व्हिजन २०१६ चा, तेव्हा ४०० डॉलरला होता, जेमतेम ३० ग्रॅमचा, तुमच्याच गॉगलच्या काडीवर अडकवायचा. फार छान वस्तू होती, पण ती बंद झाली. इस्रायलच्या एव्हरीसाइटने रॅप्टर आणला, ही कंपनी पायलटांच्या हेल्मेटमधले डिस्प्ले बनवणाऱ्या एल्बिटमधूनच निघालेली, त्यात रंगीत चित्र थेट काचेवर पडायचं पण वजन शंभर ग्रॅमच्या घरात. आणि फ्रान्समध्ये ग्रेनोबलला मायक्रोओलेड नावाची कंपनी आहे, तिचं अॅक्टिव्हलूक नावाचं तंत्र झुल्बो, एन्गो ह्या चष्म्यांत आहे, एन्गो २ चं वजन ४० ग्रॅमच्याही आत.

नवीन माणसाने काडीला अडकवायचा जुना डिस्प्ले घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरी आतमध्ये बंद असते, आठ-दहा वर्षांत ती थकलेली असते, आणि बंद पडलेल्या कंपनीचं अॅप नवीन फोनवर चालेल ह्याची काही खात्री नाही. तरीही कोणाला वापरलेला मिळालाच तर डाव्या बाजूला लावा. आपण डावीकडून चालतो, गाड्या उजवीकडून ओव्हरटेक करतात, उजव्या खांद्यावरून मागे बघताना डोळ्याच्या कडेला काही आडवं नको.

काचेतच डिस्प्ले असलेला चष्मा नव्या माणसाला सोपा. किंमत बघताना एन्गोसारखा चष्मा बाहेर सव्वातीनशे डॉलरच्या आसपास दिसतो, पण बाहेरून मागवला तर त्यावर कस्टम ड्यूटी आणि जीएसटी लागतो, आणि बिघडला तर परत पाठवायचा खर्च वेगळा. रत्नागिरी-चिपळूणच्या सायकलच्या दुकानात ही वस्तू शोकेसमध्ये मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पुण्या-मुंबईत कोणाकडे असेल तर आधी डोळ्यावर चढवून बघा. स्मार्ट ग्लासेस म्हणून जे विकले जातात त्यातल्या कित्येकांत डिस्प्लेच नसतो, नुसता कॅमेरा आणि कानाजवळ स्पीकर असतो, तेव्हा वर्णन नीट वाचा.

स्टेप ४: फिटिंग, आणि ह्यात घाई नको

चष्मा आला की लोक आधी पेअरिंग करायला बसतात. आधी फिटिंग करा. एचयूडीचं चित्र एका छोट्या चौकोनातच नीट दिसतं, डोळा त्या चौकोनाच्या समोर नसेल तर आकड्याचा वरचा नाहीतर खालचा भाग कापला जातो. चष्मा नाकावर दोन मिलिमीटर सरकला तरी फरक पडतो.

असं करा: सायकल भिंतीला टेकवा, हेल्मेट घाला, पट्टा लावा, सायकलवर बसा आणि ड्रॉप्सवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) किंवा तुम्ही जसे चालवता त्या पोझिशनमध्ये वाका. खुर्चीत ताठ बसून केलेलं फिटिंग उपयोगाचं नाही, कारण वाकल्यावर आपण भुवयांच्या खालून वर बघतो आणि डोळ्याची जागा बदलते. आता चारही कोपरे वाचता येतायत का बघा. येत नसतील तर नोज पॅड थोडे आत-बाहेर वाकवा, किंवा सोबत आलेला दुसऱ्या मापाचा पॅड लावा. मग डोकं जोरात हलवा, खड्ड्यात गेल्यासारखं. चित्र जागेवर राहिलं पाहिजे. काड्या हेल्मेटच्या पट्ट्याच्या बाहेरून घ्या आणि हेल्मेटची मागची चकती काडीला वर ढकलत नाही ना ते बघा, आकडे तिरके दिसण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं.

डिस्प्ले एकाच डोळ्यासमोर असतो, बाजू बहुतेक मॉडेलमध्ये ठरलेलीच. पहिले काही दिवस डोकं किंचित दुखू शकतं. आठवड्याने सुद्धा दुखत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, रेटू नका.

स्टेप ५: पेअरिंग

हे घरी वायफायवर करा. कंपनीचं अॅप टाका, चष्म्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, गार्मिनचा कॉम्प्युटर किंवा घड्याळ असेल तर कनेक्ट आयक्यू ह्या गार्मिनच्या अॅप स्टोअरमधून त्या चष्म्याचं डेटा फील्ड घेऊन आपल्या राइड स्क्रीनवर बसवा. रूट लावायचा असेल तर रूटची जीपीएक्स फाइल आधीच उतरवून ठेवा, खाडीकाठच्या आणि घाटीतल्या वाड्यांत रेंज कधी जाईल सांगता येत नाही.

स्टेप ६: स्क्रीनवर काय ठेवायचं

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. नवीन माणूस उत्साहात सहा-सहा फील्ड भरतो: स्पीड, अॅव्हरेज, कॅडेन्स, तापमान, उंची, घड्याळ. मग तो चष्मा म्हणजे एसटी स्टँडवरचा वेळापत्रकाचा बोर्ड होतो, वाचायला थांबावंच लागतं. तीन आकडे, त्याच्यावर नाही. जो आकडा बघून तुम्ही पुढच्या दहा सेकंदांत काहीतरी वेगळं करणार आहात तोच डोळ्यासमोर ठेवा. अॅव्हरेज स्पीड बघून उतारावर काय करणार? काही नाही. ते हँडलवर राहू दे.

आपल्या रस्त्यांचा स्वभाव बघा. खाडीपासून वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर चढायचं, सड्यावर थोडं सपाट, परत खाडीत उतरायचं, पूल किंवा जेटी, परत चढ. गणपतीपुळे ते रत्नागिरी आरे-वारेमार्गे जा नाहीतर देवगडकडून कुणकेश्वर-आचऱ्यावरून मालवणात उतरा, खेळ हाच. चढ लांब नाहीत पण खडे आहेत. म्हणून मी दोनच स्क्रीन ठेवायला सांगतो.

चढाची स्क्रीन: हार्ट रेट किंवा पॉवर, आणि चढ किती उरलाय. ग्रेडियंटचा, म्हणजे चढ किती टक्के आहे तो आकडा ठेवू नका. तो उंचीतल्या बदलावरून काढला जातो आणि काही सेकंद मागे असतो, त्यामुळे आपल्या आखूड, मोडत्या चढांवर तुम्ही चौदा टक्क्यांवर दात-ओठ खात असता तेव्हा तो अजून सहा दाखवत असतो आणि वर पोचून श्वास घेत असता तेव्हा चौदा. पायांना जे कळतंय ते जास्त खरं.

बाकी सगळीकडची स्क्रीन: स्पीड, आणि पुढचं वळण किती अंतरावर. बस.

उतारासाठी स्क्रीन नाही. उतारावर डिस्प्ले बंद. ताशी ४५ ला सेकंदाला साडेबारा मीटर जातात, त्यात वळणावर जांभ्याची लाल बारीक खडी पसरलेली असते, तिथे एकही आकडा नको. काही चष्म्यांत समोर हात हलवला की स्क्रीन बदलते किंवा बंद होते, ही सोय चांगली आहे, पण तो हात सड्यावर सपाटीलाच हलवा, उतार लागल्यावर दोन्ही हात ब्रेकवर.

स्टेप ७: पहिल्या राइड

पहिल्यांदा अंगणात किंवा गावच्या मैदानात नुसते गोल फिरा. मग सकाळी लवकर, रहदारी नसताना, ओळखीच्या सपाट रस्त्यावर. दिवेआगर ते श्रीवर्धन समुद्राच्या कडेचा रस्ता ह्यासाठी मस्त आहे. त्या दिवशी एकच गोष्ट शिकायची: आकड्याकडे बघायचं नाही, तो दिसू द्यायचा. नजर वीस-तीस मीटर पुढे डांबरावर, आकडा कडेला. वाचावासा वाटला तर एक झलक आणि परत रस्ता. सुरुवातीला डोळा सारखा तिकडे ओढला जातो, सगळ्यांचंच होतं, आणि हे जाईपर्यंत ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चालवू नका.

गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गाड्या घेऊन आलेले असतात तेव्हा शिकायला निघू नका. मुंबई-गोवा हायवेवर तर नकोच.

स्टेप ८: उजेड-सावलीचं गणित

हे परदेशी रिव्ह्यूत सापडणार नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच. सडा म्हणजे उघडं रान, काळा कातळ, डोळे दिपवणारं ऊन. तिथून रस्ता खाली उतरतो आणि एका वळणात माडा-पोफळीच्या बागेत शिरतो, भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखा अंधार, त्यात मधूनमधून उन्हाचे कवडसे. गडद काच असेल तर त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत खड्डा आणि सावली ह्यातला फरक कळतच नाही.

काचांना नंबर असतात, कॅटेगरी ३ म्हणजे फक्त ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. ती किनाऱ्यावर, पुलांवर, सड्यावर उत्तम, वाडीत धोक्याची. फोटोक्रोमिक काच उन्हात गडद आणि सावलीत फिकी होते, पण फिकी व्हायला मिनिटं लागतात, आपल्याला सेकंदात हवी असते. शिवाय गरम हवेत ती काच पूर्ण गडद होतच नाही, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर नाहीच. मला तरी हे आपल्या पथ्यावरच वाटतं, मधल्या छटेला राहते. तेव्हा फोटोक्रोमिक मिळत असेल तर तीच घ्या, आणि बागेत शिरायच्या आधी, ऊन असतानाच, वेग कमी करा.

डिस्प्लेचा ब्राइटनेस ऑटोवर असेल तर सड्यावर तो पूर्ण उजळतो आणि सावलीत शिरल्यावर क्षणभर तसाच राहतो, त्या अंधारात पिवळे आकडे डोळ्यात खुपतात. मॅन्युअलची सोय असेल तर उन्हात जेमतेम वाचता येतील एवढाच ठेवा.

स्टेप ९: रडार जोडायचं का?

बजेट असेल तर हो, आणि खरं सांगायचं तर एचयूडीच्या आधी रडार घ्या. सीटपोस्टला (सीटखालच्या दांडीला) लावायचं, मागून येणारी गाडी ओळखून कॉम्प्युटरवर ठिपका दाखवतं आणि बीप देतं. गार्मिनच्या व्हॅरिया रडारच्या बऱ्याच मॉडेल्सचा पल्ला १४० मीटरपर्यंत आहे. तुम्ही २० ने चाललाय, मागून बस ६० ने येतेय, तर साधारण बारा सेकंद आधी कळतं. बारा सेकंदांत डावीकडे सरकून साइडपट्टी कुठे तुटलीय ते बघून होतं.

पण मर्यादा नीट लक्षात घ्या. रडारला वळणापलीकडचं दिसत नाही, आणि आपल्याकडे वळणांशिवाय रस्ता कुठाय. घाटीत एसटी तुमच्या मागच्या वळणातून बाहेर येईल तेव्हाच ठिपका उमटेल, तेव्हा हाताशी बारा नाही, तीन-चार सेकंद असतील. आणि मागचा डंपर तुमच्याच वेगाने रेंगाळत असेल तर रडारला तो हलताना दिसत नाही, ठिपका गायब होऊ शकतो. ठिपका नाही म्हणजे मागे कोणी नाही, असं धरून कधीही उजवीकडे वळू नका. मान वळवून बघा. सगळे चष्मे रडार दाखवत नाहीत, घेण्याआधी विचारा. नाही दाखवलं तरी कॉम्प्युटरचा बीप पुरतो.

स्टेप १०: खारी हवा, घाम, पाऊस

आपली हवा ह्या वस्तूंची शत्रू आहे. राइडवरून आलात की आधी साध्या पाण्याने चष्मा धुवा, मग मऊ कापडाने टिपा. कोरडाच पुसलात तर मिठाचे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे पाडतात, आणि डिस्प्लेसमोरचा एक ओरखडा सुद्धा कायम दिसत राहतो. साबण, कोलिन, शर्टाचं टोक, काही नको. चार्जिंगच्या पिना कोरड्या करूनच चार्जर लावा, घामाच्या मिठाने त्या हिरव्या पडतात. सनस्क्रीन लावलेल्या बोटांनी काचेला हात लावू नका.

चढावर वेग कमी झाला की आतून वाफ धरते, तेव्हा चष्मा नाकावर थोडा पुढे ओढा, आकडे दिसणार नाहीत पण रस्ता दिसेल. जुलै-ऑगस्टमध्ये मी एचयूडी घरीच ठेवायला सांगतो. चष्मा पाण्याला टिकतो, पण काचेवर थेंब असताना थेंबांतून आकडे आणि आकड्यांतून रस्ता असं काहीच धड दिसत नाही. पारदर्शक साधी काच आणि टोपीची चोच हेल्मेटखालून पुढे, पावसात हेच चालतं.

लांबच्या राइडला

एन्गो २ ची बॅटरी कंपनी १२ तास सांगते, तर २०० किमीच्या ब्रेवेची मुदत साडेतेरा तास आणि ३०० ची २० तास. म्हणजे आरामात चालवणाऱ्याला ती शेवटपर्यंत पुरेलच असं नाही. किनाऱ्याने जाताना जेट्या लागतात, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. फेरीबोटीची वाट बघताना पॉवर बँकला लावून घ्या, आणि बोटीत चढताना रेकॉर्डिंग पॉज करा, नाहीतर खाडी सायकलने ओलांडल्याची नोंद होते. पलीकडे उतरल्यावर परत सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून कॉम्प्युटरवर रिमाइंडर असेल तर चालू ठेवा.

दिवेलागणीला गडद काचेचा चष्मा काढून डबीत टाका, खिशात पारदर्शक काचेचा साधा चष्मा ठेवलेला असू द्या. पुढचं रात्रीचं अंतर हँडलवरचा कॉम्प्युटर, पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट ह्यांच्यावर करायचं.